आठ सक अठ्ठेचाळीस

मी तापट मास्तर आहे, हे आधीच सांगून टाकतो. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मेडिकलच्या दुकानावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. बावीस वर्षं मी रोज कळव्याहून इथे येतोय आणि मराठी शाळांतून आलेल्या पोरांना, नोकरीसाठी सर्टिफिकेट लागणाऱ्या बायांना, क्वचित एखाद्या रिटायर माणसाला कॉम्प्युटर शिकवतोय. पाटीवर ‘विनीत कॉम्प्युटर्स’ असं लिहिलेलं आहे, पण मला नावाने कोणी हाक मारत नाही. मी नुसता सर.

माझ्या नोट्स सबंध मराठीत आहेत आणि त्याचा मला फार गर्व होता. बाकीचे क्लासवाले इंग्रजी पुस्तक पुढ्यात टाकतात आणि पोरं नंदीबैलासारख्या माना डोलावतात. माझ्याकडे ते चालत नाही. आठ बिटांचा एक बाईट. एक हजार चोवीस बाईटांचा एक केबी, एक हजार चोवीस केबींचा एक एमबी, मग त्याच हिशेबाने जीबी, मग टीबी. जो कोणी एक हजार चोवीसच्या जागी हजार म्हणेल त्याला मी उभा करायचो आणि विचारायचो, वरचे चोवीस काय तुझ्या मामाने खाल्ले? सगळे हसायचे. मग ते चोवीस जन्मात विसरायचे नाहीत.

रचनाही विसरली नव्हती. सहा वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, आणि परीक्षेत तिला चौऱ्याण्णव मिळाले होते. त्या सर्टिफिकेटवर तिला माजिवड्याच्या एका ऑफिसात डेटा एंट्रीचं काम लागलं. घरी आई आवडाबाई आणि धाकटा भाऊ रत्नदीप. वडील ती लहान असतानाच गेले होते. रत्नदीप एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता, सकाळी सात ते दुपारी तीन.

चार मार्चला, मंगळवारी, दुपारी पावणेचारच्या सुमारास तो त्या कंपनीच्या मागच्या शेडमध्ये गॅस कोंडून मेला. चोवीस वर्षांचा होता.

कंपनीने पोलिसांना लिहून दिलं की शिफ्ट संपल्यावर, कुणाच्याही परवानगीशिवाय तो परत आत शिरला, आणि शेडमधली तांब्याची पाइप कापताना गॅसची लाइन फुटली. म्हणजे साध्या भाषेत चोर. गेटवरचा कंपनीचा कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता, असंही त्यांनी लिहून दिलं. सुतकाचे दिवस सरायच्या आत चाळीत कुजबुज सुरू झाली. आवडाबाई नळावर गेल्या की बायका बोलायच्या थांबायच्या.

रत्नदीपबरोबर काम करणाऱ्या एकाने मात्र रचनाला वेगळंच सांगितलं. शिफ्ट सुटल्यावर दोघं गेटासमोरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभे होते. सव्वातीनला सुपरवायझर स्वतः गेटाबाहेर आला, रत्नदीपच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याशी बोलला आणि त्याला आत घेऊन गेला. आत वास येतोय, व्हॉल्व्ह बघून दे, असं काहीतरी बोलणं कानावर पडलं. हे सांगितल्यानंतर दोन दिवसांनी तो माणूस म्हणायला लागला की आपल्याला काही आठवत नाही. त्यालाही नोकरी टिकवायची होती.

राहिला गिरणीचा कॅमेरा. गिरणी गुणाजी नावाच्या गृहस्थांची. साठीचे, कोकणातले, भित्रे पण वाईट नाहीत. एकदा गल्ल्यावर हात मारला गेला तेव्हापासून त्यांनी चार कॅमेरे लावून घेतले होते, आणि त्यातला एक रस्त्याकडे तोंड करून नेमका कंपनीच्या गेटावर होता. रेकॉर्डरचा डबा वर माळ्यावर पीठ खात पडलेला. तो उघडायचा कसा ते गुणाजींना ठाऊक नव्हतं. समोरच्या कंपनीची अर्धी माणसं त्यांच्याकडून दळण नेतात. ते रचनाला म्हणाले, तू आधी कुणा जाणत्याला विचार, इतक्या दिवसांचं त्यात राहतं का. राहत असेल तर मी खाली काढतो, मग जे होईल ते होईल. नसेल तर उगाच त्यांच्या डोळ्यात कशाला यायचं?

जाणता म्हणजे मी.

तेरा मार्चला, नवव्या दिवशी, रचनाने गिरणीतूनच मला फोन केला. मी वर्गात होतो. तिने कॅमेऱ्याचं जुनं बिल समोर धरून वाचून दाखवलं. चार कॅमेरे, प्रत्येकी वन एमबीपीएस, डिस्क टू टीबी. मी ते ऐकत ऐकत माझ्या वहीत, माझ्या मराठीत उतरवलं: एका कॅमेऱ्याचा दर सेकंदाला १ एमबी, डिस्क २ टीबी. डिस्क भरली की हा डबा सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो, तेव्हा डिस्क किती दिवसांत भरते एवढाच प्रश्न होता. चार कॅमेऱ्यांचे सेकंदाला चार एमबी. दिवसाचे शहाऐंशी हजार चारशे सेकंद. एक हजार चोवीसने भागून दिवसाला साडेतीनशेच्या आत जीबी. दोन टीबी म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस जीबी. मी पोरांसमोर ते फळ्यावर मांडलं, आयतं उदाहरण मिळालं म्हणून. उत्तर आलं सहा दिवस.

मी तिला सांगितलं, “सहा दिवस राहतं. आज नववा. ते गेलं, रचना.”

ती म्हणाली, “नक्की ना सर?” आणि मी, भर वर्गात, जरा दुखावूनच म्हणालो की गणित आहे ते, त्यात नक्की-बिक्की काय असतं. तिने आभार मानले. गुणाजींनीही मागून ऐकलं असणार. डबा माळ्यावरच राहिला.

गिरणी माझ्या क्लासपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. वर्ग सुटल्यावर जाऊन, शिडीवर चढून डबा बघता आला असता. गेलो नाही. मला गणित येत होतं ना.

त्यानंतरचा महिना मी मजेत काढला असं नाही, पण विसरलो. रचना एकदा स्टेशनच्या पुलावर भेटली. चौदा एप्रिल नुकतीच झाली होती. ती म्हणाली, “आई यंदा जयंतीला घराबाहेर पडली नाही, सर. पांढरी साडी काढून ठेवलेली, नेसलीच नाही. बोलली, चोराची आई म्हणून कुठे उभी राहू.” मी काहीतरी पुटपुटलो. आपण धीर देतो तेव्हा किती पोकळ बोलतो, ते ऐकणाऱ्यालाच कळत असेल.

अठरा एप्रिल, शुक्रवार. माझ्या सकाळच्या बॅचला मंदाकिनीबाई नावाच्या अंगणवाडी सेविका येतात. त्यांनी घरी नेट घेतलं होतं आणि त्या चिडून आल्या होत्या. शंभर स्पीडचा प्लॅन घेतला, सिनेमा उतरवताना मात्र सेकंदाला बाराच दिसतात, म्हणजे नेटवाल्याने फसवलं की नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला असे प्रश्न आवडतात. मी खडू घेतला आणि कधी नव्हे ते फळ्यावर इंग्रजी अक्षरं काढली, कारण हे मराठीत दाखवताच येत नाही. आपल्या ‘ब’ला लहान-मोठं रूप नाही. त्यांच्या बीला आहे. स्मॉल बी म्हणजे बिट, कॅपिटल बी म्हणजे बाईट, त्याच्या आठपट. फाइल मोजायची ती बाईटमध्ये. वेग सांगायचा तो बिटांत. शंभराला आठने भागा, साडेबारा येतात, तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. आणि मी ऐटीत पुढे म्हणालो, “नेट असो, केबल असो, कॅमेरा असो, वेग कायम बिटांतच.”

कॅमेरा हा शब्द तोंडातून गेला आणि हात फळ्यावरच राहिला.

मंदाकिनीबाई विचारत होत्या, सर, बरं नाही का. मी त्यांना पाच मिनिटांची सुट्टी दिली आणि कपाटातून वही काढली. माझ्याच अक्षरात तिथे लिहिलं होतं: दर सेकंदाला १ एमबी. कुठला बी, ते कसं कळणार? कागदावर कळलंच नसतं. बिलावर कळलं असतं, पण बिल मी बघितलंच नव्हतं. मेगाबिटाचा मी मेगाबाईट केला होता. आठवीतल्या पोराची चूक. कॅमेरा जेवढं लिहितो त्याच्या आठपट मी धरलं, म्हणून माझ्या हिशेबात डिस्क आठपट लवकर भरली. सहा दिवस नाहीत. आठ सक अठ्ठेचाळीस.

मी बोटांवर मोजलं. त्या दिवशी पंचेचाळीसावा दिवस होता. ती नवव्या दिवशी आली तेव्हा ते डब्यात होतं. पुलावर भेटली तेव्हाही होतं. आणि अजून तीन दिवस असणार होतं.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच. मी फोन उचलून गुणाजींना एवढंच म्हणायला हवं होतं की काका, त्या डब्याचं भिंतीवरचं बटण आत्ताच्या आत्ता बंद करा. डबा बंद झाला की पुसायचं थांबतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते विचारणार, का? तुम्हीच तर सांगितलंत गेलं म्हणून. मग मला सांगावं लागणार. आणि बाहेर जिन्यावर माझी सबंध बॅच उभी होती. मी मनाशी ठरवलं, शनिवारी रचनाला ऑफिस असतं, रविवारी तिला घेऊनच जाऊ, सत्तेचाळीसावा दिवस, एक दिवस हातचा राहतो. मला वाटलं तेवढ्यात सांगायचं कसं तेही सुचेल. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्या विद्यार्थिनीची भीती वाटत होती.

शनिवारी संध्याकाळी मी तिला फोन केला. तेव्हाही खरं बोललो नाही. म्हणालो, कधी कधी डब्यात जास्तही राहतं, एकदा डोळ्याने बघून घेऊ. तिने कसलाच प्रश्न विचारला नाही. फक्त किती वाजता, एवढं विचारलं.

रविवारी अकराला आम्ही गिरणीत पोहोचलो. गुणाजींनी दळण थांबवलं, शिडी लावून दिली. मी डबा पुसून खाली आणला, वरच्या लांब वायरी न काढता तशाच ओढून घेतल्या आणि त्यांच्या जुन्या टीव्हीला जोडला. पासवर्ड डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. गेटाचा कॅमेरा निवडला आणि तारखेत चार मार्च टाकली.

डब्याने सांगितलं, रेकॉर्डिंग नाही.

मी परत टाकली. परत तेच. मग मी सगळ्यात जुनं काय आहे ते उघडलं. पडद्यावर कंपनीचं गेट आलं, बंद, वरच्या दिव्याच्या उजेडात. कोपऱ्यात तारीख होती पाच मार्च, पहाटे चार पस्तीस. आम्ही बघत होतो तोवर त्या सुरुवातीतलीही मिनिटं कमी होत होती.

मला तिथे उभ्या उभ्या कळलं. डिस्क विकणारा एक हजार चोवीस धरतच नाही. त्याचा टीबी हजाराचा, वाण्याच्या मापासारखा. कॅमेऱ्याचा मेगासुद्धा हजाराच्याच हिशेबातला. हे मला माहीत नव्हतं का? सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर कमी का दिसतात, हे मीच दर बॅचला शिकवतो. दोन हजार जीबीची डिस्क, दिवसाला त्रेचाळीस जीबी आणि थोडे. सेहेचाळीस दिवस आणि वर सात तास. रत्नदीप गेटातून आत गेला ती मिनिटं शनिवारी रात्री साडेदहाच्या आसपास पुसली गेली होती. मी तेव्हा कळव्याला जेवून टीव्ही बघत बसलो होतो.

रचना पडद्याकडेच बघत होती. चौऱ्याण्णव मार्कांची मुलगी ती. तिला फार वेळ लागला नाही.

“पाच मार्चपासून आजपर्यंत सेहेचाळीस दिवस झाले,” ती म्हणाली. “तुम्ही सहा बोललेले.”

मी सांगितलं. बिट आणि बाईट, हजार आणि एक हजार चोवीस, शुक्रवारी मंदाकिनीबाईंनी विचारलेलं, सगळं. गुणाजी मध्येच डोक्यावरची टोपी काढून पीठ झटकायला लागले. त्यांना आकडे कळले नसतील, पण बाकीचं कळलं.

“म्हणजे मी फोन केला तेव्हा होतं.”

“होतं.”

“आणि परवा तुम्हाला कळलं तेव्हा पण होतं.”

“होतं, रचना.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वर्गात मी एवढ्याशा चुकीसाठी पोरांना उभं करतो. तिने माझ्या हातातून माउस घेतला आणि रेकॉर्डिंग पुढे पळवायला लागली, कशासाठी ते तिलाही माहीत नसावं. गेट, दिवा, एक कुत्रं, दुधाची गाडी. उजाडलं. सहा वाजून दहा मिनिटांनी उजवीकडून एक बाई आली आणि गेटासमोर, रस्त्याच्या कडेला, मातीत बसली. रचनाचा हात थांबला.

आवडाबाई होत्या. रत्नदीपला आदल्या संध्याकाळीच हॉस्पिटलात नेलं होतं आणि रचना रात्रभर तिथे कागदांसाठी उभी होती. आई घरी शेजारणींकडे आहे, अशीच तिची समजूत होती. आई इथे येऊन बसली होती. दोन तास. वॉचमनने एकदा येऊन काहीतरी सांगितलं, त्या हलल्या नाहीत. शिफ्टची माणसं त्यांना वळसा घालून आत जात होती. सात वाजता गेट उघडलं तेव्हा त्यांनी हात वर केला. कुणाला तरी दाखवत असाव्यात की मी इथे आहे.

“आईने मला हे कधी सांगितलंच नाही,” रचना म्हणाली.

मग तिने पर्समधून एक कोरा कागद काढला. म्हणाली, लिहून द्या. तपासाच्या साहेबांना नेऊन देते, पुरावा होता एवढं तरी कळू दे. मी गिरणीच्या काट्यावर कागद ठेवून लिहिलं. रेकॉर्डिंग एकोणीस एप्रिलच्या रात्रीपर्यंत या डब्यात होतं. तेरा मार्चला मला विचारलं असता मी चुकीचा हिशेब करून ते नाही असं सांगितलं. मेगाबिट आणि मेगाबाईट दोन्ही बी नीट इंग्रजीत काढले. खाली सही केली.

तिने वाचलं. “आणि त्यात काय होतं ते?”

मी पेनला टोपण लावलं.

“लिहा ना, सर. सुपरवायझर बाहेर आला आणि त्याला आत घेऊन गेला. सव्वातीनला.”

“मी ते बघितलेलं नाही, रचना. न बघता कसं लिहू?”

तिने माझ्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघितलं.

“मग ते सहा दिवस काय बघून सांगितलेले?”

मी पेन धरून उभा राहिलो. खोटं लिहायला हात होईना, आणि खरं काय ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. तो चोर नव्हता असा माझा विश्वास आहे, पण माझ्या विश्वासाचं आवडाबाईंनी काय करायचं? जे बघून सांगता आलं असतं ते मी हिशेबाने सांगितलं, आणि आता हिशेबाने सांगायलाही काही उरलं नव्हतं.

रचनाने माझा कागद काट्यावरच ठेवला, पिठात, आणि पर्स बंद केली. पडद्यावर तिची आई अजून बसलेली होती. कोपऱ्यात डब्याचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे पुसणं चालू होतं. पाच मार्चची पहाट जाऊन तासाभराने सहा दहाची पाळी येणार होती.

ती शिडीवर चढली आणि माळ्याखालच्या भिंतीवरचं बटण तिने बंद केलं. पडदा काळा झाला.

“काका,” ती गुणाजींना म्हणाली, “हे परत चालू करू नका. आई आहे त्यात.”